नऊ नंबरचं ताट

गुरुवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, आता तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते — त्या समोरच्या घड्याळात बघितलं होतं मी, ते दोन मिनिटं पुढे आहे म्हणा, अडतीस धरा. बसा ना ताई, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, इथे खाटेवरच बसा, हे नाहीयेत आत्ता, छातीचा फोटो काढायला खाली नेलंय चाकाच्या खुर्चीवरून, अर्धा-पाऊण तास तरी येत नाहीत वर. तर सिस्टरनी पाठवलं होय तुम्हाला माझ्याकडे? काय म्हणाल्या — नऊ नंबरच्या बाईला विचारा, तिचा माणूस ताट पुसून खातो, ती कसं भरवते ते शिकून घ्या? म्हणाल्याच असतील. अकरा नंबरच्या सुनेलाही तेच सांगितलं त्यांनी, आणि त्या दाराजवळच्या म्हाताऱ्यांच्या मुलालाही. तो बिचारा वही घेऊन आला होता. मी त्याला काहीतरी सांगून वाटेला लावलं — घास लहान करा, गोष्टी सांगा, असलंच. तुम्हालाही तेच सांगणार होते खरं तर. पण सकाळपासून बघतेय मी तुमच्याकडे. बाबांचा खुबा मोडलाय ना, परवा आलात, आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात अर्धा कप चहा, दोन बिस्किटं आणि तो पातळ रस. त्यांनी ताट ढकललं की तुम्ही लगेच म्हणता, असू दे बाबा, नको तर नको. अगदी माझ्यासारखं. म्हणून तुम्हाला तसं वाटेला लावत नाही.

तर गुरुवार. बुधवारी ह्यांना आणलं इथे, तापानं फणफणलेले, श्वास असा वर-वर, छातीत पाणी झालं म्हणाले, निमोनिया. रात्र नाकात ऑक्सिजनची नळी लावून काढली. गुरुवारी दुपारी पहिलं ताट आलं — दोन उकडलेली अंडी, भात, दही, मऊ शिजवलेला मासा, आणि दूध वेगळं, त्या निळ्या झाकणाच्या पेल्यात. मी अंडं सोलून पुढे धरलं. ह्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. पितळ चाटल्यासारखं लागतंय सगळं, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कधी पितळ चाटलंत? तेवढ्या तापातही हसले. पण खाल्लं नाही. आणि मला वाटलं, असू दे, तापात पोटाला आराम हवाच. आमच्या सासूबाईंनी निघताना दारातच बजावलं होतं ना — त्याला जड काही देऊ नका, तापात अंडं-बिंडं म्हणजे आगीत तेल, मी पातळ सूप पाठवते, फळांचा रस पाठवते, त्यावर चार दिवस काढले की माणूस हलका होतो. हलका झाला, अगदी खरं. एवढा हलका झाला की काल दोघांनी धरूनही उभा राहिना.

नाही, थांबा, तुम्हाला मी नीट सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही काय गेलं ते. आमचे हे काच उचलतात. म्हणजे काचेच्या दुकानात आहेत, खिडक्यांच्या, दुकानांच्या मोठ्या-मोठ्या काचा गिऱ्हाइकाकडे नेऊन बसवायच्या. मोठी काच लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यानंच न्यावी लागते, आणि आडवी धरली तर तडकते, म्हणून उभी, अंगाला चिकटवून, एकेक पायरी. पुढचा माणूस उलटा चढतो, मागचा सगळा भार घेतो. मागचे नेहमी हेच. चार मजले, पाच मजले, मध्ये टेकवायचं नाही. दुकानात ह्यांना खांब म्हणतात. खांब आला का, खांबाला चहा द्या, असं. मी घरी शिवणकाम करते — शाळेचे कपडे, उशांच्या खोळी, पँटी आखूड करणं, जे येईल ते — तर लग्नानंतर ह्यांची पहिली पँट मी शिवली तेव्हा मापं घेतली होती. पोटरी साडेपंधरा इंच. मी म्हटलं, ही पोटरी आहे का उशी? मापाच्या वहीत लिहिलंय अजून. टेप तर माझ्या पिशवीत असतेच, सवय. परवा हे झोपलेले असताना गुंडाळली पोटरीला. बारा. दोनदा मोजलं, मला वाटलं टेप वळलीय. बारा. दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत ताई, साडेतीन इंच माणूस कुठे जातो हो?

मापाचंच निघालंय तर तेही सांगते. पायजमा घसरायला लागला होता पाचव्या-सहाव्या दिवशी. मी इलास्टिक काढून दोन इंच आत घेतलं. मग आठव्या दिवशी परत दीड इंच. हे झोपेत असताना, इथेच, ह्या खाटेच्या कडेला बसून. माणसाला आपला पायजमा घसरतोय हे कळलं की तो मनानं आधी पडतो, म्हणून केलं. चांगल्या हेतूनंच केलं. पण तेही कुणाला सांगितलं नाही, आणि डॉक्टर आले की पायजमा आपला कमरेला छान बसलेला. मोठे डॉक्टर तर पायजमा बघायला येत नाहीत म्हणा, पण बघितला असता तर त्यांनाही काही कळलं नसतं. शिलाई साफ असते माझी.

ताप सहाव्या दिवशी उतरला. नळी काढली. फुप्फुस स्वच्छ होतंय म्हणाले. मला वाटलं, सुटलो. मुंगीला — आमची मुलगी, सात महिन्यांची, आम्ही मुंगीच म्हणतो — तिला नणंद रोज दोन वेळा खाली बाकावर घेऊन येते, वर लहान मुलांना सोडत नाहीत ना, तर मी खाली जाऊन पाजून येते. त्या दिवशी मी तिला सांगितलंसुद्धा, तुझा बाबा येतोय गं. आणि काल सकाळी तो व्यायामवाला आला, ज्याच्या बुटांचा आवाज होतो तो. म्हणाला, चला, आज उभं राहायचं. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. हे पलंगाच्या काठावर बसले, हात टेकले, आणि — काही नाही. पाय हलले, थरथरले, गुडघे दुमडले, आणि सगळा माणूस माझ्या खांद्यावर. व्यायामवाला म्हणाला, असू दे, असू दे, उद्या परत. हे बसवल्यावर आपल्या मांडीवर हात फिरवत राहिले, कापड बघतो ना आपण दुकानात, जाडी अजमावत, तसा. मग म्हणाले, "हे पाय माझे नाहीत गं. कुणाचे बदलून लावलेत?" चेष्टेनं म्हणाले. पण हसले नाहीत.

मग काल दुपारी चार वाजता त्या डाएटवाल्या मॅडम आल्या. चष्मा डोक्यावर असतो त्या. आज येतीलच परत, चारच्या ठोक्याला येतात, आधी तिकडे त्या पार्टिशनमागे बसून सगळ्यांचे कागद बघतात, मग खाटांकडे. हे झोपले होते, त्यांनी मला इथे बसवलं, तुम्ही बसलात तिथेच, आणि समजावून सांगितलं. एवढं समजावून मला शाळेतही कुणी सांगितलं नाही, सातवीपर्यंतच शिकले मी, स्नायूंचा धडा बहुतेक आठवीत असणार. त्या म्हणाल्या, आपलं मांस म्हणजे घडवून ठेवलेली वस्तू नव्हे, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नवं होतं, तुमच्या-माझ्यात आत्ता बसल्या-बसल्यासुद्धा. मी म्हटलं, म्हणजे रोज थोडी उसवण आणि रोज थोडी शिलाई? त्या म्हणाल्या, हो, तेच, आणि निरोगी माणसाची दोन्ही सारखी चालतात म्हणून आपल्याला कळत नाही. आजारात उसवण जोरात सुरू होते. कारण ताप म्हणजे आत लढाई, लढणारे नवे शिपाई घडवायचे, फुप्फुस दुरुस्त करायचं, त्याला सामान हवं, आणि ते सामान म्हणजे प्रोटीन. तोंडावाटे आलं तर ठीक. नाही आलं तर शरीर थांबून राहत नाही हो ताई, ते सरळ मांडी उसवतं. चांगली धड पँट उसवून तिच्या कापडाची ठिगळं लावावीत तसं. पहिली मांडी आणि पोटरी, कारण तिथे माल जास्त. म्हणजे जो खांब, त्याचंच आधी.

मी विचारलं त्यांना, पण रस तर पितात ना, रसात ताकद नसते? त्या म्हणाल्या, रसानं ऊब येते, तहान भागते, साखर मिळते, पण रसानं मांस शिवता येत नाही. मी समजले — मशीनला तेल घातलं, मशीन गरगर फिरतंय, पण सुईखाली कापडच नाही. सूपही तसंच, ते पातळ, ज्यातून आपण खाली आपलाच चेहरा बघतो. आणि म्हणाल्या, नुसतं दिवसभरात थोडं-थोडं चाटवूनही भागत नाही, आजाऱ्याच्या स्नायूला थोड्यानं जागच येत नाही, एका वेळी पुरेसं जायला हवं, तीन वेळा, चार वेळा. चिंध्या देऊन सदरा होत नाही तसं. ह्यांच्या वजनाला दिवसाचं सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रोटीन लागेल म्हणाल्या, आणि एका अंड्यात सहाच असतं, म्हणजे बघा. आणि हालचाल हवी. खाऊन नुसतं पडून राहिलं तर शिलाईच्या मशीनला पाय मारणारं कुणी नाही. खाटेवर पडल्या-पडल्या पाऊल वर-खाली केलं तरी चालतं सुरुवातीला. तुमच्या बाबांचं त्या बघतीलच — आधी मूत्रपिंड बरं आहे का ते रक्तातून बघतात, मग किती द्यायचं ते सांगतात, म्हणून आपल्या मनानं प्रोटीनचे डबेबिबे आणू नका. पण विचारा. आजच विचारा. चार दिवस हलकं खाऊ दे आणि मग बघू असं करू नका, म्हाताऱ्या माणसाचं तर आणखी भरभर जातं म्हणाल्या, आणि गेलेलं चार दिवसांत, परत यायला चार महिने.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर काय म्हणाल्या माहितीये? माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्याकडून तर काहीच कमी पडलेलं नाही. दोन वेळची मिळून एकवीस ताटं, एकवीसच्या एकवीस पूर्ण. मी आजवर असं कुणाचं बघितलं नाही.

तो कागद असतो ना खाटेच्या पायाशी — हा बघा — त्यावर ताट उचलायला येणाऱ्या मावशी खूण करतात. चार खाने आहेत, पूर्ण, अर्धं, पाव, काही नाही. मावशींना एवढी ताटं उचलायची असतात, त्या रिकामं ताट बघतात, पूर्णला खूण करतात, पुढे जातात. त्यांची काय चूक. ही सगळी ओळ बघा, खालपर्यंत. एकसारखी. मला सुरुवातीला बरं वाटायचं ते बघून. शाळेत हजेरी पूर्ण भरली की वाटायचं तसं.

हं. तेच विचारताय ना. नुसत्या डोळ्यांनी विचारताय. मग ताट गेलं कुठे.

ह्यांनीच दिलं हो मला. पहिल्या दिवशी. गुरुवारी, बारा चाळीसला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आदल्या रात्रीपासून म्हणा ना, अंगावर पिणारं पोर, आणि ह्यांना सोडून खाली जायची हिंमत होईना, श्वास तसा चाललेला. इथे रोग्यालाच ताट, सोबतच्याला नाही, ते बरोबरच आहे. ह्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. मुंगीच्या दुधाला येईल. परत नेलं तर त्या सिस्टर मलाच ओरडतील." मी नको म्हटलं. दोनदा नको म्हटलं. मग खाल्लं. आणि काय सांगू ताई, ते अंडं असं लागलं, जन्मात तसं अंडं खाल्लं नाही मी. भिंतीकडे तोंड करून खाल्लं, दोन मिनिटांत. मावशी आल्या, म्हणाल्या, वा, पहिल्याच दिवशी पूर्ण. हे माझ्याकडे बघून डोळा मारतात. एवढा ताप आणि डोळा मारतात. आम्हाला गंमत वाटली. शाळेतल्या बाकावर दोघांनी मिळून काही लपवावं तशी. शुक्रवारीही तसंच, शनिवारीही. सासूबाईंचं सूप आणि रस ह्यांना, ताट मला. मला वाटलं, दोघांची सोय झाली. खरंच वाटलं. मला काय माहीत की मी चमच्यानं ह्यांच्या मांडीतलंच काढून खातेय.

पुढचं सांगायचं नव्हतं मला. बघा, आता बोलतेच आहे तर. रविवारी, चौथ्या दिवशी, ह्यांना झोप लागली होती आणि ताट आलं. आणि मी विचारलंच नाही. उठवलं नाही. ते चाकाचं टेबल असतं ना, ते हळूच माझ्याकडे फिरवलं, आवाज होऊ नये म्हणून एक चाक उचलून, आणि खाल्लं. त्यानंतर रोज तसंच, काल मॅडम समजावून गेल्या त्यानंतरची दोन ताटंसुद्धा, ह्यांच्यापुढे ठेवायची हिंमतच झाली नाही. ताप उतरल्यावर एकदा, सातव्या की आठव्या दिवशी, हे जागे झाले आणि म्हणाले, आज काय होतं गं ताटात? मी म्हटलं, तुम्हाला नाही आवडलं असतं. मासा होता. ह्यांना मासा आवडतो ताई. त्या दिवशी ह्यांना भूक लागली होती, मला आत्ता कळतंय, ताप उतरल्यावर जी पहिली भूक लागते ना, ती होती ती. आणि मी रसाचा पेला पुढे केला.

मी काही हावरट नाही हो. घरी मी शेवटी जेवणारी. पण इथे काय झालं कुणास ठाऊक, दिवसभर ह्या खाटेजवळ बसायचं, ह्यांच्या श्वासाकडे बघायचं, खाली जाऊन पोराला पाजायचं, परत वर, अंगातलं सगळं कुणीतरी ओढून घेतंय असं वाटायचं, आणि बारा चाळीस झाले की माझे कान त्या गाडीच्या चाकांकडे. ह्यांचं औषध कधी आहे ते मी दोनदा विसरले. ताट एकदाही नाही विसरले.

तुम्ही काही बोलू नका. तसंच बसा. बोललात तर मला रडू येईल आणि मग पुढचं राहील, आणि पुढचंच महत्त्वाचं आहे.

आज सकाळी मोठे डॉक्टर आले, मागे सात-आठ शिकणारे. हा कागद हातात घेतला आणि ह्यांना ऐकू जाणार नाही असे दाराकडे सरकले. त्यांना म्हणाले, बघा, संसर्ग आटोक्यात, खाणं शंभर टक्के, वय तेहेतीस, आणि तरी मांस एवढं उतरतंय, मग काय विचार कराल? एक म्हणाला हे, एक म्हणाली ते, नावं मला कळली नाहीत, पण तोंडं कळली. म्हणजे कुठलातरी लपलेला मोठा रोग असणार असं चाललंय त्यांचं. उद्या सकाळी साडेसातला ह्यांना भूल देणार, मांडीतून मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवणार, आणि पोटात नळी घालून आत बघणार. जी मांडी उरलीच नाही तिच्यातूनच आणखी तुकडा. आणि त्यासाठी आज संध्याकाळपासून उपाशी ठेवायचं. उपाशी, ताई. बारा दिवसांच्या उपाशी माणसाला परत उपाशी, का, तर तो एवढं खाऊनही वाळतोय म्हणून. ह्यांनी सही केली.  डॉक्टर जाताना मला म्हणाले, तुम्ही मात्र फार छान केलंत. त्या सगळ्या शिकणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवली मी.

सासूबाईंना कळल्यापासून त्या घरी अंथरुणावर आहेत. नणंद मघाशी खाली सांगत होती, आई म्हणते माझ्या भावाला झाला तोच रोग ह्याला झाला. आणि हे — हे फोटोला जाण्याआधी मला म्हणाले, शिवणाचं मशीन नीट सांभाळ, तेवढं तरी आहे तुझ्या हातात. म्हणजे काय समजायचं मी? माणूस निरवानिरव करतोय. भुकेला आहे फक्त, आणि निरवानिरव करतोय.

दोनदा गेले मी सिस्टरच्या टेबलापर्यंत. एकदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, उशीची खोळ. दिली त्यांनी, ती बघा, तशीच घडी. ह्यांना सांगावं तर हे काय करतील मला माहितीये. डॉक्टरांना म्हणतील, मीच दिलं तिला, मलाच नको होतं, तिची काही चूक नाही. सगळं आपल्या अंगावर घेतील, मागच्या बाजूनं काच धरतात तसं. पण ते तीन दिवसांचं खरं आहे. पुढचे नऊ दिवस त्यांनी नाही दिलं. मी घेतलं. त्यांना माहीतसुद्धा नाही, त्यांना वाटतं मी ताट तसंच परत पाठवते. ते ह्यांना मीच सांगेन, आज ना उद्या, आपल्या तोंडानं, ते तुम्ही नका सांगू. पण डॉक्टरांपर्यंत आजच जायला हवं, भूल देण्याआधी, आणि माझ्या तोंडून तिथे परत उशीची खोळच निघेल, मी ओळखते ना स्वतःला. कागद मागितला असता एखादा, लिहून दिलं असतं. पण लिहिलेलं कुणी कधी वाचेल कुणास ठाऊक, इथे कागदावर जे लिहिलंय त्याचंच तर हे सगळं झालंय.

चार वाजत आले. त्या मॅडम पार्टिशनमागे येऊन बसल्या असतील. तुम्ही तुमच्या बाबांचं विचारायला जाणारच आहात ना त्यांच्याकडे? मी बसते बाबांजवळ, त्यांच्या पायांकडे लक्ष ठेवते, तुम्ही जा. आधी तुमचं विचारा. किती अंडी, किती दूध, कधी, नीट लिहून घ्या, लाजू नका, माझ्यासारखं मान हलवून येऊ नका. आणि मग त्यांना एवढं सांगा — नऊ नंबरच्या रोग्यानं बारा दिवसांत एक घासही खाल्लेला नाही, फक्त पातळ सूप आणि रस. ताटं त्याच्या बायकोनं खाल्ली. सगळी. तिनंच सांगायला सांगितलंय. कागदावरच्या खुणा खोट्या आहेत, मावशींची चूक नाही. त्यांनी लगेच मोठ्या डॉक्टरांना कळवू दे, उद्याचं थांबवायचं का ते त्यांनी ठरवू दे, पण कळलं तर पाहिजे. आणि संध्याकाळी त्याला उपाशी ठेवायच्या आधी एकदा विचारा म्हणावं त्याला, भूक लागलीय का.

नाही, आता मला काही विचारू नका ताई. लिफ्टचा आवाज आला. उठा, जा तुम्ही. सांगा त्यांना.